रिकाम्या चौकटींचं पत्रक

तुमच्या गावचा तलाव बुजवायचा ठराव झाला, तर जाब कोणाला विचाराल? ठराव मांडणाऱ्या एका माणसाला, की त्यासाठी हात वर करणाऱ्या सगळ्यांना?

उत्तराची घाई करू नका. आम्ही घाई केली, एका माणसाला गाठलं, त्याला खुर्चीवरून खाली ओढलं, फटाके फोडले. फटाक्यांचा कचरा झाडून होत नाही तोच मुरमाचा पुढचा ट्रक तलावावर येऊन उभा राहिला.

आमचं गाव वडशाहून बसने तासाभराच्या अंतरावर आहे. नगरपंचायत झाल्यापासून कागदावर ते शहर आहे, पण बसस्टँडची मागची भिंत अजून धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, टेकलेली आहे. बांध्यांच्या वरच्या अंगाला मालगुजारांच्या, जुन्या जमीनदारांच्या, काळात बांधलेला तलाव. त्याच्या पाळीवरून रस्ता जातो आणि पाळीच्या पोटात दगडी मोरी आहे. पाऊस निघून गेला की ही मोरी उघडतात आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी मिळतं. ते मिळालं नाही तर लोंबी भरत नाही, पोचट राहते. आईची बांधी या मोरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या घरातला भात तिथूनच येतो आणि आईची मानही त्या बांधीमुळेच ताठ आहे. बाबांचा छापखाना चालला काय, न चालला काय, आई म्हणायची, "माझं धान हाये ना, मंग कोनाच्या बापाले भ्यायचं?"

छापखाना घराच्या पुढच्या खोलीत. तिथे मुख्यतः नाटकांची पत्रकं छापली जातात. दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, व्याही येतात, आणि मंडईच्या दिवशी नाटक होतं. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशाला. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं आणि येताना आमच्याकडे पत्रक छापायला टाकतं. ज्यांनी आमची पत्रकं पाहिली नाहीत त्यांना सांगते. वरती नाटकाचं नाव, त्याखाली गोलांमध्ये कलावंतांचे फोटो, आणि मग मुंग्यांसारखी नावं: उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, सहअध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक, सगळे तिथे असतात. नाटकाआधी ते मंचावर ओळीने बसतात, हार घेतात, भाषण करतात आणि देणगी देतात. हिवाळाभर त्यांचं राजकारण त्या मंचावरच चालतं. मी अक्षरं शिकले ती या पाहुण्यांच्या नावांवर बोट फिरवून. गृहपाठ केला तो त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर.

छापखान्यात आणखी एक प्रकारची पत्रकं छापली जात. ती काकांची. काका म्हणजे बाबांचे जुने मित्र, विरोधी पक्षाचे कार्यकर्ते, केस पांढरे झाले तरी आवाज तरुण. धानाचा बोनस, वनजमिनीचे पट्टे, बंद पडलेली बस, कशावरही त्यांचं पत्रक निघायचं. मी दहावीत असताना त्यांनी पहिल्यांदा मला लिहायला बसवलं. "पयल्या ओळीत प्रश्न पायजे," ते म्हणाले, "अन् शेवटच्या ओळीत काम पायजे. मंधात काहीबी लिव, लोक वाचत नाई." मधलंही लोकांनी वाचावं म्हणून मी तेव्हापासून हट्टाने लिहिते आहे. पहिल्या आणि शेवटच्या ओळीबाबत मात्र अजून त्यांचंच ऐकते.

मग तो उन्हाळा आला. नगरपंचायतीने ठराव केला: तलावाचं सौंदर्यीकरण. नाव ऐकून वाटलं कमळं लावणार. पुढे वाचलं तर पाळीला लागून आतल्या बाजूने मुरूम भरायचा, वर दुकानांचे गाळे आणि एक सभागृह बांधायचं. मोरी मुरमाखाली जाणार होती. आईने मला ते दोनदा वाचायला लावलं. मग ती पाळीवर गेली आणि मोरीच्या दगडावर बराच वेळ बसून राहिली.

काका आले ते पेटूनच. "पोरी, कागद घे. नगरपंचायतीच्या अध्यक्षाले सोडाचं नाई."

"ठराव त्याच्या पक्षाचा हाये काका. सभेत हात त्यायच्या सगळ्या नगरसेवकायनं वर केले."

"हात सगळ्यायचे, पन डोकं त्याचं."

"मंग पक्षाचं नाव लिहू."

काकांनी मला समजावलं. ते म्हणाले ते आजही मला अगदीच चूक वाटत नाही. "लोकायले चेहरा लागते. पक्ष म्हंजे काय, त्याले तोंड हाये का? मानसाच्या तोंडाले काळं फासता येते. पक्षाले कुठी फासशीन?"

बाबा हसले आणि काकांच्या बाजूने झाले. दोघांविरुद्ध मी एकटी. पत्रक अध्यक्षांवर निघालं.

ते कसं निघालं ते ऐका, कारण असली चूक झाडीपट्टीतलीच माणसं करू शकतात. अध्यक्ष धिप्पाड, मिशा वर वळवलेल्या, काळा चष्मा, बुलेटवर फिरणारे. बाबांच्या संगणकावर नाटकाच्या पत्रकाचा साचा तयारच होता. त्यात बाबांनी अध्यक्षांचा फोटो बसवला. काका म्हणाले मोठा करा. बाबांनी मोठा केला. वर लिहिलं: 'आपल्या गावात सुरू आहे, तलावाचा घोट घेणारा महाखलनायक!' गुलाबी कागदावर, पिवळ्या किरणांच्या मधोमध, मिशांवर उजेड पाडून. नाटकाचं पत्रक जसं वाटतात तसंच वाटलं, जीपवर भोंगा लावून.

आणि आमच्याकडे नाटकात सगळ्यात जास्त शिट्ट्या कोणाला पडतात? खलनायकाला. नायक गाणी म्हणतो तेव्हा लोक चहा प्यायला उठतात. खलनायक आला की बसतात. कंपनीची गाडी एखाद्या चौकात थांबली तर पोरं नायकाला ओलांडून त्याच्याभोवती गर्दी करतात. छापखान्यातली आम्ही माणसं, अर्धं आयुष्य ते फोटो छापण्यात गेलेलं, आणि आम्हीच अध्यक्षांना गावातली सगळ्यात लाडकी भूमिका देऊन बसलो.

पानठेल्यांवर पत्रक चिकटलं. सलूनमध्ये आरशाशेजारी लागलं. पोरं कोळशाने मिशा काढून फिरू लागली. आणि एका सकाळी बुलेट आमच्या दारात थांबली. मला वाटलं आता भांडण होणार. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, फोटो जबरदस्त आला बे. अजून हायेत का? सासरवाडीले पाठवाचे हायेत."

बाबांनी, देवा, त्यांना गठ्ठा दिला.

तरी आम्ही थांबलो नाही. त्या हिवाळ्यात मंडईच्या मंडळाला गाठून आम्ही अध्यक्षांना मंचावर बसू दिलं नाही. मोठा विजय वाटला. मंचावर कोण बसलं? त्यांच्याच पक्षाचे बाकी सगळे नगरसेवक. त्यांनी हार घेतले, तलावावर प्रेम असल्याची भाषणं केली. अध्यक्ष खाली लोकांत येऊन बसले तर शिट्ट्यांनी मांडव हलला.

पत्रकं चालू राहिली. हळूहळू अध्यक्षांची बुलेट, अध्यक्षांचा चष्मा, अध्यक्षांचा मेहुणा हेच विषय झाले. तलाव तिसऱ्या ओळीत गेला, मग पाचव्या. मुरूम मात्र पडतच होता. त्या वर्षी मोरी अर्धीच उघडता आली आणि आईच्या बांधीचे खालचे दोन तुकडे पोचट गेले. तिने ते धान कापलं, बैलांपुढे टाकलं आणि मला एवढंच म्हणाली, "तुमचं नाटक चांगलं चाललं हाये."

आणि मग, पुढच्या उन्हाळ्यात, अध्यक्षांनी राजीनामा दिला. पक्षाने पत्रक काढलं, आमच्याच छापखान्यात, की गावाच्या भावनांचा आदर करून नेतृत्वबदल केला आहे. त्या पक्षात त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले बरेच होते. आमच्या आरडाओरड्याने त्यांना आयतं निमित्त मिळालं होतं. आम्हाला तेव्हा हे काही सुचलं नाही. काकांनी गुलाल आणला, पेढे वाटले, फटाके फोडले. मीही नाचले. हो, मीसुद्धा.

त्याच आठवड्यात आई बांधीवरून आली, डोक्यावरचा भारा अंगणात टाकला आणि काकांना विचारलं, "भाऊ, तो त गेला ना?"

"गेला जी बाई, कायमचा गेला!"

"मंग हा मुरूम काऊन येऊन राह्यला?"

काकांच्या हातात पेढा होता. तो तोंडापर्यंत गेला नाही.

नवीन अध्यक्ष कोण झाल्या, तर माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई. निवृत्त झाल्यावर त्या पक्षात गेल्या होत्या. स्वच्छ माणूस, कोणाचा चहासुद्धा फुकट पिणार नाहीत. माझा पहिला निबंध त्यांनीच वर्गात वाचून दाखवला होता. पक्षाने बरोबर हेरलं होतं. यांच्या चेहऱ्याला काळं फासायला गावात कोणाचा हात उठणार?

मी त्यांच्या घरी गेले. बाईंसमोर मी अजूनही पुस्तकी मराठीत बोलते, शाळेतली सवय.

"बाई, ठराव रद्द करा."

"मी आत्ताच आले गं. जरा बसू दे."

"तुम्ही बसलात, ट्रक बसले नाहीत."

त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "मला स्वतःला तो ठराव आवडत नाही. पण तो पक्षाचा निर्णय आहे. मी एकटी काय करणार?"

"आधीचे अध्यक्ष असताना तुमच्या पक्षाचे सगळे म्हणायचे, त्यांचा निर्णय आहे, आम्ही काय करणार."

बाईंनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. "म्हणजे आता माझ्यावर पत्रक काढशील? फोटो टाकून?"

"तुमच्यावर नाही, बाई. तुमच्या पक्षावर."

"आणि मी त्या पक्षातच राहिले तर?"

"तर तुम्हीही त्यात आलात."

त्या दारापर्यंत आल्या. चप्पल घालताना म्हणाल्या, "शुद्धलेखन नीट कर म्हणजे झालं." रागावल्या होत्या की नव्हत्या, मला कळलं नाही. ज्या माणसाबद्दल मनात राग नाही त्याच्या विरोधात लिहायचं, हे पहिल्यांदाच करायचं होतं. मिशांवर लिहिणं फार सोपं होतं.

त्या दुपारी छापखान्यात काका आणि मी कडाडून भांडलो.

"पक्षावर लिवशीन त अर्धं गाव अंगावर येईन," काका म्हणाले. "अर्ध्या घरायवर त्यायचा झेंडा हाये. तुझ्या मामाच्या घरावरबी हाये."

"मामा नगरसेवक हाये का? मामानं सभेत हात वर केला का?"

"मत त देल्लं ना."

"मत देल्लं म्हून तो गुन्हेगार झाला का, काका? त्याले कोनी सांगतलं होतं का तलाव बुजवनार म्हून? ज्यायनं चिन्हावर निवडून येऊन हात वर केला, ते पक्ष. अन् ज्यायनं त्यायले हात वर कराले सांगतलं, ते पक्ष. मामा नाई."

काका मानेनेच नको म्हणत राहिले. मग मी ते बोलले जे बोलायचं मी टाळत होते. "अन् तुमच्या पक्षाचे दोघं? ठराव झाला तवा ते कुठी होते?"

"चहा प्यायले गेल्ते," काका पुटपुटले.

"सभा सोडून?"

"घसा कोरडा पडला म्हने."

बाबा मशीन पुसत होते. त्यांना हसू आवरेना. काका आधी त्यांच्यावर ओरडले, मग माझ्यावर, मग गमछा खांद्यावर टाकून निघून गेले. संध्याकाळी परत आले. चेहरा उतरलेला होता, आवाज मात्र तोच. "लिव," ते म्हणाले. "आमच्यायलेबी लिव. चहा पेनारे, हात वर करनारे, एकाच ओळीत. सोडू नको कोनाले."

काकांना मी आयुष्यात सगळ्यात जास्त मान दिला तो त्या संध्याकाळी.

पण काय लिहायचं, यापेक्षा कुठे लिहायचं हे जास्त महत्त्वाचं निघालं. पावसाळा सरत आला होता, मंडई जवळ आली होती. मंडळाची पोरं पत्रक टाकायला छापखान्यात आली, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षाने नेहमीप्रमाणे नावांचा कागद पुढे केला. तोही कास्तकाराचा पोरगा, त्याच्याही घरची बांधी मोरीखाली. मी त्याला विचारलं, "मागच्या साली आपन एकाले मंचावर बसू देल्लं नाई. काय झालं?"

"बाकीचे बसले."

"यंदा कोनीच बसलं नाई त?"

त्याने पुढे केलेला कागद मागे घेतला. "अन् देणगी? नाटक कशावर उभं करावं?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "धान देऊ. तलावाखालचं घर न् घर धान देईन. तुमी फक्त खुर्च्या खाली ठेवा."

ठरलं. ठराव रद्द होईपर्यंत, ज्या पक्षांच्या नगरसेवकांनी हात वर केले किंवा चहा प्यायला गेले, त्या पक्षांचा एकही माणूस मंचावर नाही. चांगला असो, वाईट असो, मिशीचा असो, बिनमिशीचा असो. कोणाला शिवी नाही, कोणाचा फोटो नाही, कोणाच्या मेहुण्याची चौकशी नाही. कोणी यायचं म्हणालाच तर खाली तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, सगळ्यांसोबत, आनंदाने.

मग पत्रक. साचा तोच. वर नाटकाचं नाव, गोलांत कलावंत. खाली जिथे मुंग्यांसारखी नावं असतात तिथे पदं तशीच ठेवली आणि पुढच्या चौकटी रिकाम्या. उद्घाटक, रिकामी चौकट. सहउद्घाटक, रिकामी चौकट. दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, चौकटीच चौकटी. आणि तळाला एक ओळ: 'तलाव बुजवण्याचा ठराव रद्द करा. नावं छापायला आम्ही बसलोच आहोत.'

बाबांचा हात मशीनवर थांबला. "एवढ्या वर्षांत रिकामं पत्रक मी छापलं नाई व. लोक म्हनतीन छापखान्यात शाई संपली."

"म्हनू द्या."

जीप निघाली. भोंग्यावर मंडळातला सगळ्यात खड्या आवाजाचा पोरगा. त्याने काय केलं ते त्याचं त्यालाच सुचलं. चौकात जीप उभी करून तो ओरडायचा, "उद्घाटक!" आणि गप्प बसायचा. लोक वाट बघायचे. मग, "सहउद्घाटक!" पुन्हा गप्प. "दीपप्रज्वलक!" गप्प. तिसऱ्या चौकापर्यंत लोकांना खेळ कळला होता. तो "प्रमुख अतिथी!" म्हणाला की समोरून शंभर तोंडं एका सुरात म्हणायची, "कोनी नाईऽऽ!"

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीने काय होतं? तुम्ही मंडईला आलेले नाहीत म्हणून वाटतं. मंडईला लेकीच्या सासरचे येतात. गावात शिरल्या शिरल्या पत्रक हातात घेतात आणि व्याह्याचं नाव शोधतात. नगरसेवकांच्या घरी फोन येऊ लागले. एका नगरसेवकाची बायको विहिरीवर आईला म्हणाली, "व्याहीबुवा विचारून राह्यले, यंदा बापूचं नाव कुठी दिसत नाई जी, तब्येत त बरी हाये ना?" आई म्हणाली, "सांगजा, तब्येत बरी हाये, ठराव खराब हाये."

आजूबाजूच्या गावांतली मंडळंही आमच्याकडेच पत्रकं टाकतात. त्यातल्या दोघांनी आमचं पत्रक पाहिलं आणि म्हणाले, आमच्या गावालाही त्याच तलावाचं पाणी येतं, आमच्याही चौकटी रिकाम्या ठेवा. बाबांनी शाई संपल्याची काळजी सोडून दिली. ते आता स्वतःच विचारू लागले, "नावं टाकू, का रिकामं?"

सत्ताधारी पक्षाचे एक नगरसेवक दुपारी आले, मागच्या दाराने. बसले, चहा प्यायले. "बाई, माझा त ठरावाले पयलेपासूनच विरोध होता," ते आईला म्हणाले. "मनातून."

"मनातला हात सभेत दिसत नाई, भाऊ," आई सुपात धान पाखडत म्हणाली. "खरा हात कवा वर करता?"

"मी एकटा केला त पक्ष मले काढून टाकीन."

"मंग सगळे मिळून करा. कोनाकोनाले काढतीन?"

त्यांनी बशी खाली ठेवली. जाताना ते पुढच्या दाराने गेले.

मागे अध्यक्षांवर गदारोळ चालू होता तेव्हा या सगळ्यांना झोप लागत होती, कारण शिव्या एकाच दारावर पडत होत्या. आता कोणाच्याच दारावर शिवी नव्हती, पण प्रत्येकाच्या नावाची चौकट गावभर रिकामी फिरत होती, आणि ती भरायची तर पूर्ण पक्षालाच हलावं लागत होतं. एकाचा बळी देऊन सुटायची वाट बंद झाली होती. बळी दिला तरी चौकट रिकामीच राहणार. काका एकदा मोठ्याने म्हणाले, "पोरी, पक्षाले तोंड नसते म्हनत होतो ना मी? असते. पत्रकात असते." आणि स्वतःच जोराने हसले.

दिवाळीच्या तोंडावर नगरपंचायतीने विशेष सभा बोलावली. आम्ही सगळे खिडक्यांना लटकलो. आई आत, दाराशी उभी. बाईंनी चष्मा लावला, कागद वाचला. आवाज शाळेतल्यासारखाच, एकेक शब्द सुटा. तलावात भर टाकण्याचा ठराव रद्द करावा, टाकलेला मुरूम नगरपंचायतीने काढावा, मोरी मोकळी करावी. "अनुकूल असलेल्यांनी हात वर करावेत."

मागच्या दाराने आलेल्यांचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग शेजारच्यांचा. मग एकामागून एक, धान डोलावं तसे हात वर आले. काकांच्या पक्षाचे दोघेही तिथेच होते. या वेळी चहा आतच मागवला होता आणि पेले भरलेले तसेच थंड होत होते. बाईंनी सगळ्यात शेवटी स्वतःचा हात वर केला आणि खिडकीकडे पाहिलं. मी खिडकीला लटकूनच दोन्ही हात वर केले आणि खाली पडले. कोपर फुटलं. तो वण अजून आहे आणि मी तो पाहुण्यांना दाखवते.

मुरूम काढायला जेसीबी आला तेव्हा गावातली अर्धी पोरं शाळेत गेली नाहीत. मोरीवरचा शेवटचा ढीग हलला. दगड दिसला, आई ज्यावर बसली होती तोच. मोरी उघडली. पाणी आधी चिखलाचं, लालसर, अडखळत आलं, मग त्याला जोर चढला आणि ते पाटाने धावत सुटलं. आई साडी खोचून पाटातच उभी राहिली. पाणी तिच्या पोटऱ्यांना धडका देत बांधीत शिरत होतं. "आता भरू दे लोंबी," ती म्हणाली, आणि रडायला लागली, आणि रडताना मला ओरडली, "काय पाहून राह्यली? बांध फुटला तिकडे, माती टाक!"

मंडईला नाटक झालं. ठराव रद्द झाल्यावर पक्षाकडून निरोप आला, आता नावं छापा. मंडळाने हात जोडून सांगितलं, पत्रक वाटून झालं आहे, पुढच्या वर्षी बघू. दिवेलागणीला उद्घाटन झालं. मंचावरच्या खुर्च्यांवर तलावाखालच्या कास्तकार बाया बसल्या, मधोमध आई, नव्या लुगड्यात, इतकी अवघडलेली की हार गळ्यात पडला तरी हात मांडीवरच. दोन्ही पक्षांचे नगरसेवक खाली तणसावर बसले. बाई बसल्या होत्या, शाल लपेटून, माझ्याच शेजारी. म्हणाल्या, "पत्रकात एकही चूक नव्हती. शब्दच नव्हते म्हणा."

मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर थाप मारली. माजी अध्यक्ष. मिशा तशाच, चष्मा खिशात. "पोरी, यंदा माझा फोटो काऊन नाई?"

"तुमचं काम नव्हतं, भाऊ."

ते हसले. मग खाली बसत, जरा हळू आवाजात म्हणाले, "मी एकटा थोडीच होतो. तवाबी सांगून राह्यलो होतो, कोनी आयकलंच नाई. सगळे शिट्ट्या मारून राह्यले होते." पडदा वर गेला. खलनायक आला आणि मांडव दणाणला. त्यांनी सगळ्यात जोरात शिट्टी मारली.

त्या सुगीत आईचं धान खळ्यावर आलं तेव्हा तिने एक लोंबी आणून छापखान्यात मशीनवर ठेवली. भरलेली, वाकलेली. बाबांनी ती अजून काढलेली नाही. पत्रकं तिच्याखालून निघतात.

आता तुमच्याकडे वळते, कारण शेवटच्या ओळीत काम पाहिजे. या हिवाळ्यात तुमच्या गावी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाचं पत्रक छापायला जाईल, आणि पाहुण्यांच्या नावांचा कागद तुमच्यासमोरही येईल. तो छापखान्यात देण्याआधी त्यातल्या प्रत्येकाला भर चौकात, नीट बोलून, शिवी न देता एकच विचारा: गावाच्या मुळावर येणाऱ्या ठरावाला तुमच्या पक्षाने हात वर केला तेव्हा तुमचा हात कुठे होता? ज्याला सांगता येणार नाही, त्याची चौकट रिकामी सोडा.